यंत्र थांबवायचं की त्याला लिहायला लावायचं?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रणालीत क्वचित एखाद्या ऑर्डरचे पैसे दोनदा कापले जात होते. लॅपटॉपवर ब्रेकपॉइंट लावून मी प्रोग्रॅम थांबवला की चूक गायब! एका थ्रेडला मी अडवून धरल्यामुळे दुसऱ्याला निवांत काम संपवायला वेळ मिळत होता. प्रॉडक्शनचा लॉग उघडला, तर तिथे फक्त ‘पेमेंट यशस्वी’. ऑर्डर कुठली, थ्रेड कुठला, काही नाही. ती ओळ माझीच होती.

हा पेच संगणकाइतकाच जुना आहे. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या चमूने बांधलेला एडसॅक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्याची स्मृती पाऱ्याच्या नळ्यांत असे आणि तिच्यातले आकडे कॅथोड रे ट्यूबच्या पडद्यावर ठिपक्यांसारखे दिसत. एकेक आज्ञा पुढे सरकवत पडद्याकडे बघत चूक शोधायची, याला तिथे ‘पीपिंग’ म्हणत, म्हणजे डोकावणं. आजच्या डीबगरची ही आजीच म्हणा. पण यंत्र एक आणि वापरणारे अनेक. एकजण डोकावत बसला की बाकीचे ताटकळणार. म्हणून डोकावण्यावर नाराजी व्यक्त होऊ लागली. स्टॅन्ली गिल यांनी असे तपासणी-प्रोग्रॅम लिहिले, की तुमचा प्रोग्रॅम चालता चालता आपल्या आज्ञांची नोंद कागदावर छापत जाई. त्यावरचा त्यांचा निबंध १९५१ साली आला. छपाईमुळे प्रोग्रॅम रेंगाळे, पण कागद घेऊन उठायचं आणि विचार आपल्या टेबलावर करायचा, ही सोय झाली.

पुढे १९५८ मध्ये टीएक्स-० हा संगणक एमआयटीत आला. तिथे ठरलेल्या वेळेपुरतं अख्खं यंत्र एकाच माणसाच्या हाती असे. साहजिकच ‘फ्लिट’सारखा डीबगर तिथे रुजला: प्रोग्रॅम थांबवा, टाइपरायटरवरून त्याला प्रश्न विचारा, पुढे चला.

तेव्हा ही निवड स्वभावाची नाही. आपण यंत्र थांबवलं तर कोण खोळंबतं, याची आहे. माझा लॅपटॉप म्हणजे टीएक्स-०, तिथे मी खुशाल डोकावतो. प्रॉडक्शन सर्व्हर म्हणजे एडसॅक, मागे हजारोंची रांग. फरक इतकाच, की डीबगरला आत्ता सुचलेला प्रश्न विचारता येतो. लॉगला मात्र काय विचारायचं ते आधीच ठरवावं लागतं.

मी त्या ओळीत ऑर्डर क्रमांक, थ्रेड आणि मिलिसेकंदापर्यंतची वेळ घातली. तिसऱ्या दिवशी चूक सापडली: दोन्ही थ्रेड ‘पैसे बाकी’ असं एकाच क्षणी वाचत होते आणि दोघेही वसुलीला निघत होते. दुरुस्ती तासाभरात झाली. मग सपोर्टच्या सहकारी मुलीने विचारलं, “आधी ज्यांचे दोनदा कापले गेले, त्यांची यादी देशील?”

लॉगमध्ये ती नव्हती. बँकेच्या नोंदींशी एकेक रक्कम ताडून पाहण्यात आमचा पुढचा आठवडा गेला.