दोनशे रुपयांचा दंड

मुंबईच्या कापडगिरण्यांना लागू झालेला पहिला कारखाने कायदा १८८१ चा. तो मोडणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त दोनशे रुपये दंड होऊ शकत होता. कैदेची तरतूद नव्हती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिल्या गिरणीचा पाया घातला. तेव्हापासून सव्वीस-सत्तावीस वर्षे हा धंदा कोणत्याही कामगार कायद्याविना वाढला होता. त्यामुळे हा तोकडा कायदाही मालकांना जाचक वाटला. १८७५ च्या चौकशी आयोगापासूनच त्यांचे म्हणणे होते की, ही सारी खटपट लँकेशायरच्या कापडवाल्यांसाठी चालली आहे. त्यात तथ्य होतेच. मुंबईचे स्वस्त सूत मँचेस्टरला खुपत होते. पण सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे मुंबईतलेच लोक गिरणीतल्या मुलांसाठी कायदा मागत होते, हेही तितकेच खरे.

कायद्याचा आवाका लहान होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचे नाही, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम करून घ्यायचे नाही, धोकादायक यंत्रांना कठडे बसवायचे, असे त्याचे स्वरूप. पट्ट्यात हात सापडला तर ती गोष्ट कायद्याला दिसत होती. सुताचा धागा तुटू नये म्हणून दमट ठेवलेल्या खात्यात शेकडो माणसे एकमेकांच्या श्वासात उभी असतात, ही गोष्ट दिसत नव्हती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती आणि वेळेवर पगार या त्यांच्या मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी १८९० मध्ये मालकांनी मान्य केली आणि पुढच्या वर्षी ती कायद्यात आली. याच १८९१ च्या दुरुस्तीने हवा, स्वच्छता, गर्दी आणि पिण्याचे पाणी यांविषयी नियम करण्याची वाट मोकळी केली. शिक्षा मात्र पूर्वीसारखीच राहिली.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांना प्लेगचे रोगी आढळले. काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बोचकी बांधून बोटीने, रेल्वेने, पायी गावाकडे निघाले. सरकारची पावले भराभर पडली, पण ती गिरण्यांच्या दिशेने नव्हती. घरांची झडती सुरू झाली. रोग्याला उचलून रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाऊ लागले. सामान जाळले, छपरांची कौले काढली आणि ज्या खोल्या राहण्यास अयोग्य ठरल्या त्यांच्या भिंतींवर ‘यू.एच.एच.’ (अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन) ही अक्षरे रंगवली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. या संतापाचे कारण रोगाहून अधिक रोग्याला घरातून ओढून नेण्याच्या रीतीत होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा. दुसऱ्या कलमाने सरकारला हवे ते आदेश काढण्याची मुभा दिली. तिसऱ्याने ते आदेश मोडणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचा गुन्हा ठरवला, तर चौथ्याने अंमलबजावणी करणाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण दिले. कलम १८८ ची शिक्षा एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी होती. जिवाला धोका झाला असेल तर सहा महिने किंवा हजार रुपये. म्हणजे कारखाने कायदा मोडणाऱ्या गिरणीमालकाच्या दंडाचा कमाल आकडा आणि साथीचा आदेश मोडणाऱ्या कामगाराच्या दंडाचा आकडा एकच होता, दोनशे. फरक इतकाच की कामगाराला कोठडीही होती. शिवाय मालकाला दोनशे रुपये म्हणजे किरकोळ खर्च, कामगाराला मात्र कित्येक महिन्यांची कमाई. मालकाने साथीत कामगारांसाठी काय करावे, याविषयी या चार कलमांत अवाक्षर नाही. कायदा झाल्यानंतर पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, प्लेगच्या रोग्यांसाठी धडपडणारे लोखंडे प्लेगनेच गेले.

कायद्याने न दिलेली एक गोष्ट मात्र त्या काळात टंचाईने मिळवून दिली. एरवी गिरणीत महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा हाती पडे. अडकलेल्या पगारापायी कामगार गिरणी सोडू शकत नसे. माणसे मिळेनाशी झाली तेव्हा मालकांना रोजच्या रोज मजुरी मोजावी लागली. रस्त्यांच्या नाक्यांवर गिरण्यांची माणसे मजुरांसाठी चढाओढीने बोली लावू लागली. मालकांच्या संघटनेने ही चढाओढ थांबवायचा प्रयत्न केला, पण गरजू गिरण्या ऐकेनात. साथ ओसरली, माणसे परतली आणि महिन्याचा थकीत पगारही परतला.

प्लेगनंतरच्या सुधारणेचा रोख घरांवर राहिला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते आणि चाळी उभारण्याचे काम हाती घेतले. रोग चाळीत राहतो, हा विचार पक्का झाला होता. तो पूर्ण चुकीचा नव्हता, पण मालकांच्या फार सोयीचा होता. तुटलेल्या बोटाचा हिशेब गिरणीत लागतो. तापाचा लागत नाही, कारण तो खोलीत, नळावर, मुकादमाच्या रांगेत किंवा खात्यात, कुठेही लागलेला असू शकतो. १९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत शिरला तेव्हा कारखाने कायद्याची १९११ ची आवृत्ती चालू होती. तीत प्रौढ पुरुषांचे कापडगिरणीतले काम बारा तासांवर आणले गेले होते, दंड दोनशेच होता आणि संसर्गाविषयी मालकावर कोणतेही बंधन नव्हते. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने काही रोग प्रथमच धंद्याचे रोग मानले. त्यात संसर्गजन्य रोग एकच होता, अँथ्रॅक्स. लोकर, केस आणि कातडी हाताळणाऱ्यांना तो होतो. त्याचे मूळ कामाच्या मालातच सापडत असल्याने वादाला जागा नव्हती.

कारखाने कायद्यातल्या दंडाची मर्यादा १९२२ मध्ये पाचशेवर गेली. कामगारांच्या स्थितीविषयी १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात दंडाधिकाऱ्यांच्या सौम्यपणावर बोट ठेवले. पुन्हा पुन्हा गुन्हा करणाऱ्या मालकालाही किरकोळ दंड होत होता आणि नियम मोडून मिळणारा नफा त्याहून मोठा होता. याच सुमारास गिरणीच्या आत दंडाची दुसरी, फार कार्यक्षम व्यवस्था चालू होती. उशीर झाला की पगारकपात, कापडात दोष निघाला की तो तागाच विणकराच्या गळ्यात आणि त्याची किंमत पगारातून वजा. १९३६ च्या वेतन कायद्याने कामगारावरच्या दंडाला मजुरीच्या रुपयामागे अर्धा आणा अशी मर्यादा घातली. कामगाराचा दंड त्याच्या कमाईच्या प्रमाणात मोजायची कल्पना सरकारला सुचली होती. मालकाच्या बाबतीत ती सुचली नाही. त्याचा दंड गिरणी केवढी, नफा किती, याचा विचार न करता ठरावीक रुपयांतच राहिला.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रथम तीन महिन्यांची कैद आली, पण दंड पाचशेच राहिला. १९७६ मध्ये तो दोन हजार झाला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने, दोन वर्षांची कैद आणि एक लाख रुपये ही मर्यादा ठरली. सुरक्षेच्या तरतुदी मोडल्याने अपघातात मृत्यू झाल्यास दंड पंचवीस हजारांहून कमी नसावा, अशी किमान रेषाही आली. शिक्षेपर्यंत पोचण्याची वाट मात्र अरुंदच राहिली. कलम १०५ नुसार निरीक्षकाच्या तक्रारीशिवाय किंवा त्याच्या लेखी संमतीशिवाय न्यायालय खटला दाखल करून घेऊ शकत नव्हते. कामगाराला स्वतः दार ठोठावता येत नव्हते.

२०२० मध्ये कोविड आला तेव्हा सरकारने कारखाने कायदा बाजूला ठेवून १८९७ चा साथरोग कायदा आणि २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा हाती घेतला. दुसऱ्या कायद्यात आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत, जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. केंद्राच्या १५ एप्रिलच्या मार्गदर्शक सूचनांत तापमान तपासणी, अंतर आणि निर्जंतुकीकरण कारखान्यांना बंधनकारक झाले. कामगार बाधित आढळला तर प्रमुखाला अटक होईल, कारखाना तीन महिने सील होईल, अशी भीती उद्योगांतून व्यक्त झाली. २३ एप्रिलला केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र लिहून खुलासा केला की सूचनांत असे कलमच नाही. गुजरातने दुप्पट दराच्या जादा मजुरीशिवाय बारा तासांची पाळी लागू केली. ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द ठरवली. त्या वर्षी साथरोग कायद्यात एकच मोठी भर पडली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला तीन महिने ते पाच वर्षे कैदेची शिक्षा ठरली. त्याच कर्मचाऱ्याला मास्क आणि संरक्षक पोशाख न पुरवणाऱ्या रुग्णालयाविषयी त्या दुरुस्तीत काही नाही.

त्याच सप्टेंबरात संसदेने व्यवसाय सुरक्षा संहिता मंजूर केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली आणि कारखाने कायद्याची जागा तिने घेतली. सर्वसाधारण उल्लंघनाला आता दोन ते तीन लाखांचा दंड आहे, पण कैद नाही. कर्तव्यात कसूर होऊन मृत्यू झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दंडाचा निम्म्याहून कमी नसेल इतका भाग वारसांना देण्याचा अधिकार न्यायालयाला. केवळ दंडाचे गुन्हे मात्र कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून खटल्याविना मिटवता येतात.