दिव्याची चौकट आणि दिव्याचा झोत

मित्रहो, आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांचं गॅरेजमध्ये काय काम? पण घरच्या घरी गाडीच्या हेडलाइटचं रूप बदलणं हा पाऊणशे वर्षांहून जुना उद्योग आहे, आणि त्याच्या इतिहासात नीतिशास्त्राचा एक जुना प्रश्न लपलेला आहे. दिवा माझ्या मालकीचा. पण त्याचा उजेड ज्याच्या डोळ्यांवर पडतो, त्याचा त्यावर काही हक्क आहे की नाही? हा प्रश्न हाताशी धरून आपण पुढे जाऊ.

सुरुवात अमेरिकेपासून करू. पहिल्या मोटारींना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा, आणि तो पेटवायचा. मग विजेचे दिवे आले. पण त्यांत धूळ आणि ओल शिरे, मागचा आरसा काळवंडे, बल्ब नीट बसत नसे. उजेड कमी पडे आणि जो पडे तो भलतीकडे जाई. यावर उपाय म्हणून १९४० च्या मॉडेलांपासून तिथे ‘सील्ड बीम’ आला. काच, आरसा आणि तार एकाच कवचात कायमची बंद. आकार एकच: सात इंचांचा गोल. गाडी महागडी असो की साधी, दिवा तोच. बिघडला की अख्खा काढायचा आणि तसाच दुसरा बसवायचा.

सोय उत्तम झाली, पण सगळ्या गाड्यांचे डोळे सारखे झाले. आणि माणसाला तर आपली गाडी चारचौघांत वेगळी दिसायला हवी असते! मग कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी काय केलं? दिव्याला त्यांनी हात लावला नाही. हात लावला त्याच्या चौकटीला. दिव्याभोवतीची चकचकीत कडी मडगार्डच्या पत्र्याला वेल्डिंगनं जोडायची, सांध्यावर वितळलेलं शिसं भरायचं, ते लाकडी पट्टीनं बसवायचं आणि कानशीनं घासून एकजीव करायचं. दिवा पत्र्यात खोल गेल्यासारखा दिसे. याला ते ‘फ्रेंचिंग’ म्हणत. शर्टाच्या फ्रेंच कफवरून हे नाव पडलं असं सांगतात. शिसं इतकं वापरलं जाई, की अशा गाड्यांना ‘लेड स्लेड’, म्हणजे शिशाची घसरगाडी, असं थट्टेनं म्हणू लागले.

लॉस एंजेलिसचे बॅरिस बंधू, जॉर्ज आणि सॅम, या कलेत नावाजले. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या कारखान्यात बॉब हिरोहाता या तरुणाची १९५१ ची मर्क्युरी गाडी घडली. तिचेही दिवे असेच पत्र्यात मुरवलेले. आज ती अमेरिकेच्या मोटार-इतिहासातला एक मानाचा नमुना मानली जाते.

इथे जरा थांबू. या पोरांनी गाडीचं रूप पार बदललं, पण झोत होता तसाच राहिला, कारण तो कवचात बंद होता. १९४० च्या नियमानं हौसेला आणि उजेडाला नकळत वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं. सौंदर्य चौकटीत आणि सुरक्षितता कवचात.

ही भिंत पडली १९८३ मध्ये. तिथल्या सरकारनं नियम सैल केला, आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन गाडीला तिच्या अंगाला साजेशा आकाराचे दिवे आले. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेटचं प्लॅस्टिक आलं, बल्ब पुन्हा सुटा झाला. आता दिव्याचा आकार हाच गाडीचा चेहरा. बीएमडब्ल्यूनं २००० च्या सुमारास फाइव्ह सीरिजच्या दिव्यांत उजेडाची कडी घातली. लोकांनी तिला ‘एंजल आय’ म्हटलं, आणि तशी कडी आपल्याही गाडीत हवी म्हणून घरोघरी खटपट सुरू झाली.

ती खटपट मोठी गमतीची आहे. दिव्याची काच आणि कवच यांना जोडणारा डिंकासारखा पदार्थ उष्णतेनं मऊ होतो. म्हणून हौशी लोक अख्खा हेडलाइट स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवतात! शंभर अंश सेल्सियसच्या थोडं वर, काही मिनिटं. मग काच उचकटायची, आतली चौकट काळी रंगवायची, कडी बसवायची, पुन्हा चिकटवायचं. जे कवच १९४० साली मुद्दाम बंद केलं होतं, ते आता केक भाजायच्या जागी उघडतं.

चौकट काळी केली तर फार बिघडत नाही; सांधा मात्र नीट बसला पाहिजे, नाहीतर आत वाफ धरते. पण काचेवर काळसर फिल्म लावली की उजेडच घटतो. आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या आरशात दुसऱ्याच जातीचा प्रखर बल्ब घुसवला, तर उजेडाचा उगम जागेवरून सरकतो, झोत फुटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.

आपल्याकडे याच्या उलट परंपरा होती. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठी लोकांनी हेडलाइट कागदानं, रंगानं झाकले. आणि शांततेच्या काळातही कितीतरी वर्षं आपल्या ट्रक, बस, टॅक्सींच्या हेडलाइटचा वरचा भाग काळा रंगवलेला असे. कशासाठी? समोरून येणाऱ्याला तिरीप लागू नये म्हणून. उपाय ओबडधोबड, त्यात उजेडही थोडा वाया जाई. पण ब्रश हातात घेणारा दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार करत होता, हे विसरता येत नाही.

आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनमानी बदल करू देत नाही. पण अंधाऱ्या घाटात कायदा सोबतीला नसतो. म्हणून आमचं सांगणं इतकंच: हौस जरूर करावी, पण आधी चौकट कुठे संपते आणि झोत कुठे सुरू होतो ते ओळखावं. काम झालं की रात्री गाडीचे दिवे लावावेत आणि पंचवीस-तीस पावलं पुढे जाऊन, समोरून येणाऱ्याच्या जागी उभं राहून गाडीकडे पाहावं. तिथे डोळे मिटावे लागले, तर केलेलं काम उलटवावं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.