उडालेल्या रंगाचा इतिहास

शेत नांगरताना, पाया खणताना किंवा जुन्या घराचा माळा उपसताना कधी कधी मुठीएवढा, खाचा पाडलेला लोखंडी गोळा हाती लागतो. तो हातबॉम्ब आहे हे कोणालाही कळते. तो खरा की सरावाचा, हे सांगणे मात्र जाणकारांनाही अवघड जाते. ही अडचण या वस्तूच्या इतिहासातच आहे.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ब्रिटिश सैन्याकडे लांब दांड्याचा हातबॉम्ब होता. अरुंद खंदकात फेकीसाठी हात मागे नेला की तो मागच्या भिंतीवर आपटे आणि फेकणाऱ्याचाच घात होई. मग सैनिक जॅमच्या रिकाम्या डब्यांत स्फोटके आणि लोखंडाचे तुकडे भरून वेळ निभावू लागले. १९१५ साली विल्यम मिल्स यांचा हातबॉम्ब आला. पिन काढली तरी लिव्हर मुठीत दाबलेली असेपर्यंत तो शांत राही. हातातून सुटताच आतली स्प्रिंग मोकळी होई, वात पेटे आणि काही सेकंदांनी स्फोट होई.

एवढ्या क्रिया भीतीच्या क्षणी बिनचूक करायच्या, तर हाताला आधी सवय हवी. म्हणून त्याच आकाराचे सरावाचे बॉम्ब आले. काही नुसते फेकण्यासाठी भरीव किंवा पोकळ, काही रचना दाखवण्यासाठी उभे कापलेले. तिसऱ्या प्रकारात मात्र खरी वात आणि थोडी काळी दारू असे. नवशिक्याने आवाज ऐकावा, धूर पाहावा, हा हेतू. फसगत करतो तो हाच प्रकार.

ओळखीच्या खुणा होत्या. ब्रिटिशांचा सरावाचा गोळा पांढरा, बाजूंना भोके पाडलेला, जर्मनांच्या दांड्याच्या सरावबॉम्बचे डोके लाल, अमेरिकनांचा निळा. कोठारात एवढे पुरे होते. जमिनीत ओल रंग खाते, गंज आणि माती भोके बुजवतात. शिवाय रंगाची भाषा सैन्यागणिक आणि काळागणिक बदलली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेचे खरे हातबॉम्बच पिवळे असत. त्यांचा सरावबॉम्ब तर खऱ्याच बॉम्बच्या कवचाला बुडाशी भोक पाडून, आत काळी दारू भरून बनवत. म्हणजे भोक दिसले म्हणून गोळा रिकामा, हे अनुमान टिकत नाही.

अक्षरे जास्त टिकतात. मिल्स बॉम्बच्या बुडाच्या आटेदार झाकणावर क्रमांक, कारखान्याची खूण आणि बहुधा सालही असते. पण झाकण एका गोळ्याचे दुसऱ्याला बसते. ते आपले वय सांगते, पोटात काय आहे ते सांगत नाही. आणि ते वाचायला गोळा उलटा करावा लागतो. धोका नेमका तिथे आहे.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. मिल्स बॉम्बच्या ‘३६ एम’ या प्रकारातील ‘एम’ म्हणजे मेसोपोटेमिया. तिथल्या हवामानात टिकावा म्हणून तो लाखेने बंद केला जाई. याच आघाडीवर कुत येथे एप्रिल १९१६ मध्ये सहाव्या पुणे डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली होती. ३६ एम त्यानंतरचा. पुढे हे वाण भारतीय लष्करात इतके रुजले की त्याची जागा घेणाऱ्या नव्या हातबॉम्बची पहिली खेप लष्कराला मिळाली ती ऑगस्ट २०२१ मध्ये, नागपुरात. म्हणून आकार महायुद्धाचा दिसला तरी वस्तू महायुद्धाचीच असेल असे नाही. ती मागच्या पिढीतलीही असू शकते.

सरावाच्या खुणा कोठारपालासाठी आणि शिक्षकासाठी होत्या, शंभर वर्षांनी नांगर धरणाऱ्यासाठी नव्हत्या. म्हणून सापडलेल्या गोळ्याचा पहिला वाचक बॉम्बशोधक व नाशक पथकच असावा. गोळा हलवू नये, घासू नये, माणसे दूर करून ११२ वर कळवावे. अभ्यासकाला दुरून काढलेले छायाचित्र आणि सापडल्याची जागा पुष्कळ सांगते: जवळ छावणी होती का, चांदमारीचे मैदान होते का, सैन्य तिथून कधी गेले. रंग उडून गेला तरी जागेची आठवण उरते, आणि ती वाचायला गोळ्याला हात लावावा लागत नाही.