एका मास्तरावरचा आरोप

३१ डिसेंबर १८८८ रोजी लंडनच्या पश्चिमेला चिझिक येथे थेम्स नदीत एक प्रेत सापडले. कोटाच्या खिशांत दगड भरलेले होते. रेल्वेचे परतीचे तिकीटही होते आणि त्यावर १ डिसेंबरची तारीख होती. मृताचे नाव मॉन्टेग्यू जॉन ड्रुइट, वय ३१. शिक्षणाने तो बॅरिस्टर होता, पण ब्लॅकहीथ येथील एका निवासी शाळेत बरीच वर्षे शिकवतही होता. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले होते. २ जानेवारीला चौकशी झाली आणि मनाचा तोल गेलेला असताना आत्महत्या, असा निकाल लागला. प्रकरण मिटले.

पाच वर्षांनंतर, २३ फेब्रुवारी १८९४ रोजी, लंडन पोलिसांतील मेलव्हिल मॅक्नॉटन या अधिकाऱ्याने एक टिपण लिहिले. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात १८८८ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात पाच गरीब बायकांचे खून झाले होते आणि खुनी सापडला नव्हता. वृत्तसंस्थेकडे आलेल्या एका पत्राखाली ‘जॅक द रिपर’ अशी सही होती. तेच नाव त्याला चिकटले. मॅक्नॉटनने तीन संशयितांची नावे लिहिली आणि त्यांत पहिले ड्रुइटचे होते. त्याच्याबद्दल तो लिहितो की हा डॉक्टर होता म्हणतात, आणि शेवटच्या खुनाच्या सुमारास तो नाहीसा झाला. टिपणाची एक प्रत मॅक्नॉटनच्या घरी राहिली. तीत वयही दिले आहे, सुमारे ४१.

आता वरचा परिच्छेद पुन्हा पाहा. वय ३१, ४१ नव्हे. बॅरिस्टर आणि शिक्षक, डॉक्टर नव्हे. शेवटचा खून ९ नोव्हेंबरचा, आणि खिशातले तिकीट १ डिसेंबरचे. म्हणजे तीन वाक्यांत तीन चुका. ड्रुइटचे वडील शल्यचिकित्सक होते, त्यावरून गोंधळ झाला असावा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: मॅक्नॉटन पोलिसांत दाखल झाला तो जून १८८९ मध्ये. त्याआधी तो बंगालमध्ये वडिलांचे मळे सांभाळत होता. खुनांच्या तपासात त्याचा हात नव्हता. जे लिहिले ते ऐकीव आणि आठवणीवरचे होते.

या चुका पोलिसांनी शोधल्या नाहीत, विद्यापीठातील प्राध्यापकांनीही नाही. त्या शोधल्या हौशी मंडळींनी: पत्रकार, ग्रंथपाल, निवृत्त पोलीस, क्रिकेटचे वेडे. न सुटलेल्या जुन्या गुन्ह्यांचा अभ्यास हा छंद तसा विचित्र, काहीसा अप्रियसुद्धा. पण त्या छंदाला अभ्यासाचे रूप कसे आले, ही गोष्ट आपल्यासारख्या शिकवणाऱ्यांना पाहण्यासारखी आहे. कारण सुरुवातीला तो अभ्यास मुळीच नव्हता.

सुरुवातीची पद्धत अशी की प्रत्येक लेखकाने आपला खुनी ‘शोधायचा’ आणि पुरावा मात्र स्वतःच्या कपाटात ठेवायचा. १९२९ मध्ये लेनर्ड मॅटर्स या पत्रकाराने एका डॉक्टरवर ठपका ठेवला. त्या डॉक्टरने मरताना ब्यूनस आयर्समध्ये कबुली दिली म्हणे. असा डॉक्टर कोणत्याही नोंदीत भेटला नाही. १९५९ मध्ये डोनाल्ड मॅकॉर्मिकने आपल्या पुस्तकासाठी डॉक्टर डटन यांच्या हस्तलिखित रोजनिशीचा आधार दिला. ती रोजनिशी आजतागायत दुसऱ्या कोणत्याही अभ्यासकाने पाहिलेली नाही.

ड्रुइटच्या बाबतीतही तेच घडले. मॅक्नॉटनच्या मुलीने घरातली प्रत १९५९ मध्ये डॅनियल फार्सन या दूरचित्रवाणीच्या पत्रकाराला दाखवली. १९६५ मध्ये टॉम कलनच्या पुस्तकात ड्रुइटचे नाव छापून आले आणि सत्त्याहत्तर वर्षांपूर्वी मेलेला एक शाळामास्तर जगभर खुनी म्हणून ओळखला जाऊ लागला. फार्सनकडे ऑस्ट्रेलियाहून एका प्रेक्षकाचे पत्र आले होते. ड्रुइटच्या एका नातलगाने लिहिलेला, खुनी आपल्या ओळखीचा होता असे सांगणारा मजकूर तिकडे छापला गेला आहे, असे त्यात होते. पण फार्सनची ती फाइलच हरवली. पत्राची नक्कल कोणाकडे नव्हती. पुढे लोकांनी ऑस्ट्रेलियात जाऊन शोध घेतला. वर्णनाबरहुकूम असा मजकूर मिळाला नाही. त्या काळी नक्कल काढून चार जणांना पाठवायची पद्धत असती, तर या एका पत्रापायी खर्ची पडलेली कित्येकांची वर्षे वाचली असती.

हळूहळू पद्धत बदलली, आणि बदलाच्या मुळाशी एक अगदी नीरस वाटणारी गोष्ट होती: सूची. १९७३ मध्ये अलेक्झांडर केली या ग्रंथपालाने या विषयावरील पुस्तके व लेख यांची सूची प्रसिद्ध केली. त्याने कोणताही खुनी सुचवला नाही. कोणी, कधी, काय लिहिले एवढेच नोंदवले. माझ्या मते त्याआधीच्या सगळ्या ‘उकलीं’पेक्षा या कामाचे मोल अधिक आहे. कारण सारे लेखन तारखेच्या क्रमाने एकत्र आले की एखादे विधान पहिल्यांदा कोठे छापले गेले ते तपासता येते. दहा पुस्तकांत एकच गोष्ट आढळली म्हणजे दहा पुरावे झाले असे नाही. नवव्याने आठव्यावरून घेतले, आठव्याने सातव्यावरून, असे मागे जात शेवटी एकच उगम सापडतो, आणि कधी कधी तोही सापडत नाही.

‘फेअरी फे’ हे याचे उत्तम उदाहरण. १८८७ च्या नाताळात खून झालेली ही पहिली बळी, असे अनेक पुस्तकांत छापले जाई. अभ्यासकांनी उलट दिशेने शोध घेतला. हे नाव एका वर्तमानपत्री लेखात प्रथम येते, तेही १९५० साली! १८८८ च्या वर्तमानपत्रांत आदल्या नाताळातील एका खुनाचा उल्लेख आहे, पण नाव नाही. मग मृत्यूच्या नोंदी पाहिल्या. त्या दिवसांत त्या भागात अशा खुनाची नोंदच नाही. एप्रिल १८८८ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत एमा स्मिथ नावाच्या बाईवर जीवघेणा हल्ला झाला होता. बातमीदाराने दोन सण एकत्र केले असण्याची शक्यता आहे. मुळात नसलेली बाई, आणि तिला नाव मिळाले बासष्ट वर्षांनी.

१९७० च्या दशकात पोलिसांची दप्तरे अभ्यासकांना खुली झाली. त्यांत बरेच कागद नव्हते. लोकांनी ‘आठवण’ म्हणून नेले होते. १९८७ मध्ये एका अनामिकाने त्यांतले काही टपालाने परत पाठवले आणि ती प्रसिद्ध सही असलेले पत्र त्यात निघाले. लंडन शहराच्या वेगळ्या पोलीस दलाची कागदपत्रे तर दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत बहुतांशी नष्ट झाली. म्हणून जे उरले ते सर्वांनी मिळून वापरणे भागच होते. १९९१ मध्ये बेग, फिडो आणि स्किनर या तिघांनी व्यक्ती, जागा व कागद यांचा वर्णानुक्रमे कोश काढला. तिघांची मते जुळत नव्हती; तरी कोश एकच झाला. १९९० च्या दशकात या मंडळींची छोटी नियतकालिके निघाली आणि २००० मध्ये निवृत्त पोलीस स्टुअर्ट इव्हान्स व कीथ स्किनर यांनी सरकारी कागद जसेच्या तसे, दप्तराच्या क्रमांकासह छापले. आता घरबसल्या कोणालाही लेखकाचे विधान मूळ कागदाशी ताडून पाहता येऊ लागले.

याचा फायदा मॅक्नॉटनच्या यादीतील तिसऱ्या माणसाला मिळाला. मायकेल ऑस्ट्रॉग हा चोर आणि ठग. ऑक्टोबर १८८८ मध्ये लंडनचे पोलीस राजपत्रात त्याचा शोध जाहीर करत होते. फिलिप सग्डेन या इतिहासकाराने १९९० च्या दशकात फ्रान्समधील नोंदी मिळवल्या, तेव्हा कळले की खून होत होते तेव्हा हा गृहस्थ फ्रान्समध्ये कोठडीत होता. दोन देशांच्या पोलिसांच्या याद्या एकमेकींसमोर ठेवायला शंभरांहून अधिक वर्षे लागली.

ड्रुइटला मात्र अशी कोठडी लाभली नाही. त्याच्या वाट्याला क्रिकेट आले. तो चांगला खेळाडू होता. आयर्विंग रोझेनवॉटर या क्रिकेट इतिहासकाराने १९७३ मध्ये ‘द क्रिकेटर’ मासिकात त्याच्यावर लेख लिहिला. सामन्यांच्या धावफलकांवरून कळते की ३१ ऑगस्टला पहाटे पहिला खून झाला आणि दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, ड्रुइट दूर डॉर्सेट परगण्यात खेळत होता. ८ सप्टेंबरला पहाटे दुसरा खून झाला, त्या दिवशी तो ब्लॅकहीथला मैदानावर होता. यावरून तो निर्दोष ठरत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. आगगाड्या होत्या आणि वेळही होता. पण धावफलक हा खुनासाठी केलेला कागद नाही, म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. कोशात ड्रुइटचे नाव आजही संशयितांत आहे, पण त्यापुढे खरे वय आणि खरा व्यवसाय आहे.

वर्गात हे करून पाहता येईल. गावातल्या एखाद्या जुन्या घटनेविषयी, पूर म्हणा, आग म्हणा, मुलांनी दहा घरांतून माहिती आणावी. प्रत्येक माहिती वेगळ्या कार्डावर, आणि खाली ‘हे कोणाकडून कळले’ ही ओळ सक्तीची. मग तीच कार्डे एकदा तारखेने, एकदा सांगणाऱ्याने लावावीत. दहा घरांची माहिती शेवटी किती जणांवर येते, ते मुलांनीच मोजावे.

खुनी कोण, हे या साऱ्यातून ठरले नाही. पण शोधाची दिशा थोडी वळली. ८ सप्टेंबरला मेलेल्या ॲनी चॅपमनविषयी तिच्या मैत्रिणीने चौकशीत सांगितले होते की ती फ्रेडरिक चॅपमन नावाच्या पशुवैद्याची विधवा. वर्तमानपत्रांनी ते छापले, पुस्तकांनी उचलले. हौशी अभ्यासकांनी विवाह आणि जनगणना यांच्या नोंदी शोधल्या. नवऱ्याचे नाव जॉन, धंदा घोडागाडी हाकण्याचा, लग्न १ मे १८६९ चे. वंशजांचा माग काढता काढता त्या दोघांचा त्याच सुमाराचा एक फोटोही मिळाला. तोवर ॲनीचा छापला जाणारा फोटो शवागारातला होता. मुलांच्याही नोंदी मिळाल्या. थोरली एमिली १८८२ मध्ये, बाराव्या वर्षी, मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली होती.