'इंज्युरी': जखमेच्या आधीचा अन्याय

#थ्रेड

१/ खेळाडू लंगडत मैदानाबाहेर जातो आणि समालोचक म्हणतो, 'इंज्युरी'. आज या शब्दाचा अर्थ बहुधा दुखापत एवढाच उरला आहे. मूळ लॅटिन शब्दात मात्र रक्ताचा वा हाडाचा मागमूसही नाही.

२/ तो शब्द 'इन्युरिया'. 'इन्' हा नकारदर्शक उपसर्ग, तर 'युस' म्हणजे हक्क, कायदा. जे हक्काला धरून नाही, ते इन्युरिया. मराठीतील 'अन्याय' शब्दाची घडण नेमकी अशीच आहे. 'जस्टिस' आणि 'ज्युरी' हे शब्दही याच 'युस'चे वंशज.

३/ इ.स.पूर्व ४५१-४५० च्या सुमारास रोममध्ये 'बारा पट्टिकां'चा कायदा झाला. त्यात स्वतंत्र माणसाचे हाड मोडल्यास ३०० 'आस' दंड होता, गुलामाचे मोडल्यास १५०. किरकोळ मारहाणीसारख्या 'इन्युरिया'ला सरसकट २५ आस.

४/ पुढे आस या नाण्याचे मोल घसरले. दंड मात्र तोच राहिला. ऑलस गेलियस हा दुसऱ्या शतकातील लेखक लुसियस व्हेराटियस नावाच्या उन्मत्त माणसाची हकिकत सांगतो. हा गृहस्थ वाटेत भेटेल त्याच्या थोबाडीत मारी. मागून येणारा त्याचा गुलाम थैलीतून २५ आस मोजून लगेच हातावर ठेवी!

५/ गालाला झालेली इजा क्षुल्लक होती. अपमान क्षुल्लक नव्हता. गेलियसच्या म्हणण्यानुसार यामुळेच प्रेटर या न्यायाधिकाऱ्यांनी ठरावीक दंड सोडून प्रत्येक प्रकरणी भरपाईचे मोल ठरवण्याची पद्धत आणली. फ्रेंच भाषेत 'अँज्युर' म्हणजे आजही शिवी, अपमान.

६/ नुकसानीसाठी रोमन कायद्यात वेगळा शब्द होता: 'डॅम्नम'. 'डॅमेज' त्यातूनच आला. नुकसान आणि अन्याय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विचार इंग्लंडच्या न्यायालयांतही रुजला. १४१० साली ग्लॉस्टरमध्ये नवी शाळा निघाली आणि जुन्या शिक्षकांची फी घटली. न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. नुकसान होते, अन्याय नव्हता.

७/ १७०३ च्या ॲशबी विरुद्ध व्हाइट खटल्यात याच्या उलट घडले. मॅथ्यू ॲशबीला मतदान करू दिले नव्हते; त्याचा उमेदवार तरीही निवडून आला होता. 'मग बिघडले काय?' हा युक्तिवाद अखेर टिकला नाही. हक्क हिरावला, हीच 'इंज्युरी' ठरली.

८/ १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४४ ने 'इंज्युरी'च्या व्याख्येत शरीरासोबत मन, लौकिक आणि मालमत्ताही घेतली. अट एकच, हानी बेकायदा झालेली असावी. १९८५ मध्ये जम्मू-काश्मीरचे आमदार भीम सिंग यांना बेकायदा अटकेत ठेवून विधानसभेत जाऊ दिले गेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये भरपाई देवविली.

९/ जाता जाता: मराठीतील 'इजा' आणि 'इंज्युरी' यांचे नाते नाही. 'इजा' अरबीतून फारसीमार्गे आली. 'इंज्युरी'चे खरे मराठी भावंड 'अन्याय' आहे. व्हेराटियसच्या थैलीला कळले नाही ते हेच: जखमेची किंमत मोजून देता येते, म्हणून हक्क विकत घेता येत नाही.