चहाला थांबायचं नाही

शहापूरच्या आमच्या घरात गाडीचा एक कायदा होता. नाशिकला जाताना खर्डीला चहासाठी थांबायचं नाही, आणि थांबलंच तर इंजिन बंद करायचं नाही. आजोबांची जुनी कार्बोरेटरवाली गाडी सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये चालू व्हायची. पण मे महिन्यात तापलेली गाडी बंद केली आणि चहा पिऊन किल्ली फिरवली, की नुसती घरघर. मग सगळ्यांनी उतरून धक्का मारायचा.

मला वाटायचं, गाडी रुसते. खरी गोम त्या चहाच्या वेळेत होती, हे इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. चालत्या गाडीचं इंजिन फिरतं पाणी आणि वारा थंड ठेवतात. इंजिन बंद केलं की दोन्ही थांबतात, पण लोखंडातली उष्णता तिथंच असते. पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखाली उलट जास्तच तापतं. आणि पेट्रोलमधला सगळ्यात हलका भाग 35-40 अंशांनाच उकळायला लागतो.

आता दोन गोष्टी होऊ शकतात. नळीत किंवा पंपात वाफ धरली, तर इंजिनाला पेट्रोलच मिळत नाही. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून इंजिनात सांडलं, तर ते नको तितकं मिळतं आणि प्लग ओले होतात. लक्षण एकच, रोग एकदम उलटे. जुने ड्रायव्हर निदान नाकाने करायचे. वास नसेल तर पंपावर ओला फडका टाकायचा. पेट्रोलचा भपकारा आला, तर ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. हवा भरपूर जाते, जादा पेट्रोल निघून जातं.

ही विद्या तेव्हा ज्याच्याकडे गाडी त्याला यावीच लागे. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या, त्यातलीच एक पुढे पद्मिनी म्हणून मुंबईची टॅक्सी झाली. 1983 मध्ये मारुती 800 आली, तीही कार्बोरेटरचीच. बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन फोक्सवॅगनमध्ये 1967 लाच बसलं होतं. आपल्याकडे मात्र 2000 च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तेव्हा कुठे कार्बोरेटर गेला. पंप टाकीत गेला, नळीत दाब आला आणि वाफेचा त्रास जवळजवळ संपला.

म्हणून गेल्या उन्हाळ्यात मुरबाडच्या बाजारात माझी इंजेक्शनवाली गाडी तापल्यावर चालू होईना, तेव्हा मी चक्रावलो. गॅरेजवाल्या काकांनी स्कॅनर लावला. एकही एरर कोड नाही.

“काका, कोड नाही म्हणजे दोष नाही ना?”

“कोड नाही म्हणजे कॉम्प्युटरला दोष दिसत नाही, भाऊ.”

मी रोज लॉग वाचून पगार घेतो. हे वाक्य मला मुरबाडला ऐकावं लागलं.

त्यांनी इंजिनावर हात ठेवला आणि झटकन काढला. स्क्रीनवर इंजिनाचं तापमान होतं 30 अंश. सेन्सर खोटं बोलत होता, पण पटेल असं. कॉम्प्युटरला वाटत होतं इंजिन थंड आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत होता. आकडाच अशक्य असता तर लगेच पकडला गेला असता.

“पाय पूर्ण दाब आणि सेल्फ मार,” काका म्हणाले. तीन-चार गचके खाऊन गाडी चालू झाली.

घरी येऊन शोधलं. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फ मारताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो. म्हणजे कार्बोरेटर गेला, तरी आजोबांचा तो पाय कुणीतरी कोडमध्ये एक ‘इफ’ म्हणून लिहून ठेवला. कार्बोरेटर न पाहिलेल्या माझ्यासारख्याला ती ओळख अनावश्यक वाटली असती, आणि कदाचित मी ती पुसलीही असती.

सेन्सर बदलला. परवा नाशिकला जाताना खर्डीला थांबलो आणि मुद्दाम इंजिन बंद केलं. आजोबांनी चहा गाडीतच मागवला.