प्रतिध्वनी आणि रेडिओची शिट्टी

माथेरानच्या एको पॉइंटवर हाक मारली, की दरीपलीकडचा कडा ती परत करतो. क्षीण होऊन येते, म्हणून गंमत वाटते. तीच हाक मूळच्या जोराने परतून आपल्याच तोंडातून पुन्हा पुन्हा निघू लागली तर? 23 जुलै 1927 रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळच्या पुष्कळ रेडिओंची हीच खोड होती. एरियलवरची, व्होल्टच्या दशलक्षांशाएवढी लहर दहा लाख पट वाढवायची. वाढलेल्या लहरीचा दहा लाखावा अंश योग्य वेळी मागच्या दाराने परतला, तरी संच गाणे सोडून शिट्टी घाली! तोड आधीच निघाली होती. 1918 साली अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँगने लहरीची कंप्रता मध्येच बदलून मग ती वाढवली. परत फिरलेल्या लहरीला मूळचे दार उघडेना. पुढे 1965 साली, माथेरानहून फार दूर नसलेल्या कल्याणला गोविंद स्वरूप यांनी 32 तबकड्यांची दुर्बीण उभारून 610 मेगाहर्ट्‌झवर सूर्य न्याहाळला. अशा यंत्रांनाही तीच युक्ती लागते. आकाशाची कुजबुज ऐकायची, तर आपलाच आवाज आपल्या कानी पडू न देणे आले!